नऊ ग्रॅमची वाटणी

जे फिरते ते समतोल असावे लागते. पृथ्वी याच नियमाने बिनतक्रार फिरते (तिच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार नाहीत, हेही एक कारण).

आमच्या इन्सुलीतल्या चार भावांची सामायिक मोटार मात्र उभ्या जागी थरथरायची. भाऊ चार, सिलिंडरही चार. वडील जाताना वाटणी करूनच गेले होते: पहिला पिस्टन थोरल्या सत्यवानचा, शेवटचा धाकट्या जितेंद्रचा, मधले दोन मंगेश आणि मुंबईकर अजयचे. इतकी दूरदृष्टी हल्ली दिसत नाही.

गुरुवारी आईला, मथुराबाईंना, मोतिबिंदूच्या ऑपरेशनला गोव्यात न्यायचे होते. म्हणून सोमवारी गुरुप्रसाद मेस्त्रीने इंजिन उघडले. त्याचे शास्त्र सोपे होते. चारही पिस्टन एका वजनाचे हवेत. सर्वांत हलका धरायचा आणि बाकीचे आतून घासून त्याच्याइतके करायचे. सोनाराच्या काट्यावर जितेंद्रचा पिस्टन नऊ ग्रॅम हलका भरला.

“माझे नऊ ग्रॅम कोणी खाल्ल्यान?” जितेंद्र म्हणाला.

“माझ्या पिस्टनाक कानस लावलंस तर बग!” सत्यवानने मेस्त्रीला बजावले.

“सत्यवानदा, इंजिनाक वाटणी कळत नाय रे,” मेस्त्री म्हणाला. (हा त्याचा अडाणीपणा.)

मंगेशने तोडगा काढला: जितेंद्रच्या पिस्टनला नऊ ग्रॅम चिकटवावेत. ते कोणाच्या हिश्शातून, यावर तोडगा बारगळला. अजयने फोनवरून सांगितले, “मी चतुर्थीक येतंय. तोपर्यंत कोणी हात लावूचो नाय.”

बुधवार संध्याकाळपर्यंतचा तपशील: बैठका पाच, चहा एकेचाळीस कप, घासलेले ग्रॅम शून्य. शेवटी मेस्त्रीने वैतागून चार पिशव्यांत चार पिस्टन भरले, वर नावे लिहिली आणि ज्याचे त्याला वाटले. अजयचा टपालाने गेला. बाकीच्यांनी आपापला हिस्सा देवघरात ठेवला. घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती.

मथुराबाई गुरुवारी एकट्याच एसटीने गेल्या आणि डोळा करून आल्या. पट्टी सुटली तेव्हा त्यांना अंगणातली पोकळ मोटार लख्ख दिसली.

“ह्यां बगूक डोळो केलंय मी?” एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला फार वाईट वाटले, पण हसूही आवरेना.

तुमचेही हसून झाले असेल तर कपाटातला आपला सातबारा काढा, त्यावरची नावे मोजा आणि गावच्या सामायिक विहिरीतला गाळ उपसायचा का राहिला ते आठवा. ‘मी आल्याशिवाय हात लावू नका’ असा फोन तुम्हीच केला होतात.