रुखवतातलं हाऊसिंग

"वरातीची गाडी माझ्या हातची असंल. आन् तिच्याखाली तेलाचा एक थेंब जरी दिसला, तर ही मिशी उतरवून तुमच्या हातात देतो."

न्हावऱ्याच्या जयसिंगरावांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांचे साडू, कवठे येमाईचे पोपटराव, ओसरीवर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही. बशीच्या काठावरूनच मिशीचं नीट माप घेतलं आणि म्हणाले, "वस्तरा मी आणतो."

वादाचं कारण असं की जयसिंगरावांची गाडी गळत असे. नुसती गळत असती तर गोष्ट वेगळी. ती चुगली करत असे. जिथे जिथे उभी राहील तिथे काळा ठिपका सोडून येई. सारजाबाईंना नवऱ्याला "कुठं गेला होता?" असं विचारायची गरज उरली नव्हती. त्या गावातून एक चक्कर मारत आणि घरी येऊन सांगत, "डेरीत गेला, तिथनं सोसायटीत. सोसायटीत लई वेळ बसला, डाग परातीएवढा हाय."

आता लेक सुलक्षणा दौंडला दिली होती. लग्नही दौंडलाच, कार्यालयात. तिथून नवरा-नवरी गाडीतून नवरदेवाच्या घरी जाणार, आणि त्या घरापुढच्या अंगणात व्याह्यांनी नुकतीच पांढरीशुभ्र फरशी बसवलेली. पोपटरावांकडे पांढरी, न गळणारी गाडी होती. "साडूभाऊ, माझी गाडी न्या वरातीला," ते म्हणाले होते. "तुमची नेली तर लेकीच्या आधी तेल माप ओलांडंल."

हे जयसिंगरावांच्या वर्मी लागलं. माणूस कुरकुंभच्या औषधाच्या कारखान्यात मेंटेनन्सला उभा जन्म काढून रिटायर झालेला. "आमच्याकडं पाइपातनं थेंब गळला की भोंगा वाजायचा," असं ते भेटेल त्याला सांगत. अशा माणसाची स्वतःची गाडी गळावी!

दुखणं कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेल गाळणारा फिल्टर ज्या डब्यात बसतो ते हाऊसिंग, इंजिनच्या पार पोटात, प्लॅस्टिकचं होतं. त्यातून दिवसभर कढतं तेल फिरणार. प्लॅस्टिक ते, किती सोसेल? दोनदा बदललं, दोन्हीदा प्लॅस्टिकचंच मिळालं, दोन्हीदा तडकलं. "कढईला प्लॅस्टिकचं बूड लावलंय शहाण्यांनी," जयसिंगराव म्हणत. या वेळी त्यांनी शोध शोध शोधून ॲल्युमिनियमचं हाऊसिंग मागवलं.

ते आलं मात्र, घरात नवी सून आल्यासारखं झालं. चांदीसारखं झळझळीत, जड, दोन बाजूंना दोन नळ्या. जयसिंगरावांनी ते गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवू दिलं नाही. "धुळीचा कण आत जाता कामा न्हाई." त्यांनी ते माजघरातल्या पलंगावर ठेवलं, आणि वर झाकायला सुलक्षणानं विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. त्याच पलंगावर रुखवताचं सामान मांडलेलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी बॉनेट उघडलं. दोन तासांचं काम. ते इंजिनात कमरेपर्यंत शिरलेले असतानाच रुखवताचा टेम्पो दौंडला निघाला. जयसिंगरावांनी आतूनच पाना वर करून सूचना दिली, "सावकाश न्या रं. नाजूक माल हाय."

मग त्यांनी जुनं हाऊसिंग ओढलं. ते शंकरपाळ्यासारखं चार तुकडे होऊन हातात आलं. "बरं झालं, ब्याद गेली," असं म्हणत हात पुसून ते माजघरात गेले. पलंग मोकळा होता. हाऊसिंग ज्यातून आलं ते खोकं तेवढं कोपऱ्यात होतं. खोक्यात काही नव्हतं.

रुखवताचा कारभार मेहुणी अनिताकडे होता, म्हणजे पोपटरावांच्याच मंडळींकडे. ती टेम्पोबरोबर पुढे गेलेली. जयसिंगरावांनी फोन लावला.

"अनिता, पलंगावरचं ते चकचकीत..."

"ते व्हय दाजी? मधोमध मांडलंय. लई उठून दिसतंय. बायका विचारत्यात कुठनं आणलं म्हणून."

"अगं, ते काय हाय ठाव हाय का तुला?"

"फुलदाणी न्हवं?" अनिता म्हणाली. "रुमाल घालून ठेवली होती, म्हंजी रुखवताचीच. मी गुलाब घातल्यात त्यात."

जयसिंगरावांनी फोन ठेवला. इंजिन उघडं, जुन्याचे तुकडे, नवीन दौंडात गुलाब घालून बसलेलं. आणि रुखवतात मांडलेली वस्तू म्हणजे सासरी दिलेली वस्तू. मुलीच्या बापानं त्यातली सुई जरी परत मागितली, तरी लेकीला नातवंडांच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

"मागायची न्हाई," सारजाबाईंनी बजावलं. "सुलीचं नाक कापाल."

"मागत न्हाई," जयसिंगराव म्हणाले. "उचलून आणतो."

त्यांनी पिशवीत बदली म्हणून तांब्याचा तांब्या घेतला आणि मोटारसायकलला किक मारली. वाटेत पोपटरावांची पांढरी गाडी दिसली. बाहेर चौकात ती झेंडूच्या माळांनी सजवून घेण्याचं काम चालू होतं. साडूभाऊंना उघड्या इंजिनाची बातमी पोहोचली होती तर! पोपटरावांनी हात हलवला. दुसऱ्या हातानं ओठावर वस्तरा फिरवल्याची खूण केली.

कार्यालयात रुखवताच्या टेबलापाशी, सुदैवानं, कुणी नव्हतं. लोकरीची बदकं, डाळींची रांगोळी, थर्माकोलचं मंदिर, आणि मधोमध हाऊसिंग. त्यात प्लॅस्टिकचे गुलाब. एका नळीत पेटत्या अगरबत्त्या, आणि त्यांची राख सरळ तेलाच्या वाटेवर पडत होती. पुढे सोनेरी अक्षरांची पाटी: 'सुलक्षणाची फुलदाणी'. कुरकुंभात असतं तर भोंगा वाजला असता.

जयसिंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुलाब काढायला सुरुवात केली. शेवटचा गुलाब हातात असताना खांद्यावर हात पडला.

मागे सोपानराव उभे होते. व्याही. नवरदेव पृथ्वीराजचे वडील.

"पाव्हणं," सोपानराव हळू आवाजात म्हणाले, "मी मघाच वळखलं हे काय हाय ते."

जयसिंगरावांनी हातातला गुलाब पाठीमागे लपवला.

"आमची गाडी गळती, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

जयसिंगरावांनी लपवलेला गुलाब हळूच परत हाऊसिंगमध्ये खोचला.

"घरात कुणाला बोललो न्हाई मी," सोपानराव सांगू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमचीच गाडी, तेच मॉडेल. तेच प्लॅस्टिक. फरशी केल्यापास्नं पृथ्वीराजची आई गाडी अंगणात येऊ देत न्हाई. लिंबाखाली ट्रे लावून उभी करतो. लेकाच्या वरातीला भाड्यानं गाडी बघायची पाळी आली होती. आन् तुम्ही रुखवतात हे मांडलं. चारचौघांत न बोलता. गुलाब घालून. कुणाला कळू नये म्हणून पाटीसुदीक फुलदाणीची!"

साखरपुड्याला जयसिंगरावांनी लिंबाखालचा तो पत्र्याचा ट्रे पाहिला होता. कोंबड्यांना पाणी ठेवत असतील, अशी त्यांची समजूत झाली होती.

"त्यात काय विशेष," ते म्हणाले, "ट्रे बघितला तवाच वळखलं."

"आता बसवून पण तुम्हीच द्यायचं."

नाही म्हणायला जागा नव्हती. बदलीचा तांब्या पिशवीतच राहिला. संध्याकाळी इकडे नवरदेवाला हळद लागत होती आणि तिकडे लिंबाखाली मुलीचा बाप गाडीच्या पोटात शिरला होता. त्यांनी अगरबत्तीची राख डिझेलनं धुऊन काढली, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट जपून आवळले. व्याही बॅटरी धरून उभे होते. हळदीला आलेले पाहुणे एकेक करून लिंबाखालीच जमले. असा आहेर त्यांनी पाहिला नव्हता. इंजिन चालू केलं. सगळे उकिडवे बसून खाली पाहू लागले. ट्रे कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पोपटराव आपली सजवलेली गाडी दारात लावून उभे होते, तेवढ्यात सोपानरावांनी जाहीर केलं, "वरात आमच्या गाडीत. व्याह्यांनी स्वतःच्या हातानं तयार केलीय."

"अवो, पण माझ्या गाडीला फुलं लावून झाल्यात," पोपटराव म्हणाले.

"असू द्या की. आचाऱ्याची भांडी पोचवायची हायेत, दिसतील बी छान."

सुलक्षणा पृथ्वीराजशेजारी बसली आणि गाडी थेट पांढऱ्या फरशीवर आली. पोपटरावांनी हार मानली नव्हती. भांड्यांच्या फेऱ्या उरकून ते आले आणि खिशातला पांढरा हातरुमाल इंजिनाखाली पसरून बसले. जेवणाच्या पंगती उठल्या, नव्या सुनेनं नाव घेतलं, तरी रुमाल पांढराच. सिंधूबाई, म्हणजे नवरदेवाची आई, गाडीखाली वाकून पाहून आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हे इतक्या वर्षांत जमलं न्हाई. सुलक्षणा, तुझे आबा म्हंजी माणूस हायेत."

सुलक्षणानं बापाकडे पाहिलं. खरं काय ते ती जाणून होती. क्रोशाचा रुमाल तिचाच होता. ती फक्त हसली. जयसिंगरावांनी मिशीला पीळ दिला. पोपटरावांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि वस्तऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

परतीला मोटारसायकल भाच्याकडे देऊन नवरा-बायको पोपटरावांच्याच गाडीत बसले. झेंडू अजून तसाच होता. न्हावऱ्यात शिरताना फुलांच्या गाडीत मागे जयसिंगराव आणि सारजाबाई बघून चौकातली मंडळी उठून उभी राहिली.

घरी आल्यावर व्याह्यांनी बरोबर दिलेली दुरडी उघडली. वर लाडू, खाली चिठ्ठी नव्हती की साडी नव्हती, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. देताना सोपानराव म्हणाले होते, "तुम्हाला रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं?"

आत सोपानरावांच्या गाडीतून निघालेलं जुनं प्लॅस्टिकचं हाऊसिंग होतं. घासून, पुसून लख्ख केलेलं. बाजूला केसाएवढा तडा. न्हावऱ्याच्या गाडीचं दुखणं सुलीनं सासरी सांगितलेलं दिसत होतं.

इंजिन उघडं होतं, आणि जवळ दुसरं काही नव्हतं. जयसिंगरावांनी ते बसवलं. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. पाच मिनिटं शांतता, मग खाली टप् असा आवाज आला.

सारजाबाईंनी दुरडीच्या तळाचं शेवटचं सामान बाहेर काढलं. सिंधूबाईंनी पत्र्याचा ट्रेसुद्धा पाठवला होता. त्याला हळदीकुंकवाची दोन बोटं लावली होती.

जयसिंगरावांनी मिशी शाबूत असल्याची हातानं खात्री केली आणि पायानं ट्रे आत सरकवला.

"अवो, जरा डावीकडं," सारजाबाई म्हणाल्या.