सुमतीकाकू चाचणीला बसतात

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत सुमतीकाकूंच्या घरचा नवा पदार्थ काकू स्वतः पहिल्यांदा कधीच खात नाहीत. आम्ही खातो. बिटाची बाकरवडी घेऊन त्या दारात उभ्या राहतात. "आधी तू खाऊन बघ." आपण चावेपर्यंत हलत नाहीत. नवं तेल, नवा साबण, नवा दंतवैद्य, सगळं आधी आमच्यावर. माझी एक दाढ त्यातच गेली.

अशा बाईला गेल्या वर्षी खोकला जडला. सिगरेटला कधी हात लावला नव्हता, तरी फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. मी सोबत होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी दोन औषधं आहेत. सुरुवातीलाच ती एकत्र दिली तर नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा होतो का, याची चाचणी चालू आहे. भाग घ्यायचा की नाही, तुम्ही ठरवा."

"तुम्ही घेऊन बघितलीत?"

"नाही हो, काकू."

काकू माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. कोणीतरी आधी खाऊन बघायला हवंच ना."

कोणाला नवी जोडी, कोणाला नेहमीचं औषध, हे संगणक ठरवणार होता. काकूंना जोडी मिळाली. लॉटरी लागल्यासारखं त्यांनी सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगितलं. सलाइन लावलं की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारायच्या, "तुम्हाला औषध कसं लागलं?"

पुढे अंगावर पुरळ उठलं, खाज सुटली, थकवा आला. काहीही झालं तर लगेच कळवा, असं नर्सने सांगितलेलं. काकू सगळंच कळवायच्या. "पुरळ कमी आहे. वरचे लोक पहाटे मिक्सर लावतात."

"मिक्सरचं लिहून घेत नाही हं, काकू."

मग स्कॅन झाला. "गाठी गेल्या नाहीत, पण बऱ्याच लहान झाल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "औषध चालू ठेवू."

रिक्षात काकूंनी डोकं मागे टेकून डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या. मजल्यावर आल्यावर त्यांनी कुलपाला किल्ली लावली आणि तशाच थांबल्या.

"अगं, आज तुमच्याकडे जेवायला येऊ? एवढं चांगलं कळलंय. आत जाऊन सांगू कोणाला?"

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना घरी घेऊन आले. जेवताना काकूंनी माझ्या सासूबाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताक वाढलं तेव्हा पुन्हा सुरुवात केली.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "हो? मग डॉक्टर काय म्हणाल्या?"