निनादचं बारसं आणि माझा कॅमेरा

व्हिडिओ कॅमेरा कसा निवडावा, हे अख्ख्या पनवेलमध्ये कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा! म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत विचारायचं होतं. आता नको.

त्याचं असं झालं, आमच्या निनादचं बारसं ठरलं. माझी बहीण मिताली, म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या, मस्कतला नर्स आहे. तिला रजा मिळेना. त्यात नेमकी त्याच वेळी ड्यूटी, म्हणजे व्हिडिओ कॉलचीही बोंब! बिचारी फोनवर रडकुंडीला आली.

"दादा, निदान नंतर तरी सगळं नीट दिसू दे रे! मोबाइलवर तू नेहमी स्वतःचं कपाळच दाखवतोस."

"मोबाइल कशाला? खास तुझ्यासाठी कॅमकॉर्डर घेतो!" मी शब्द देऊन बसलो.

"हल्ली कोण घेतं ते?" माझी बायको चारुता म्हणाली. "चांगला फोन आहे की हातात!"

"फोन गप्पा मारायला. आठवणींना झूम लागतो!"

मग काय विचारता! जेवताना रिव्ह्यू, अंघोळीला जाताना रिव्ह्यू. दुकानात तर मी एकेक कॅमेरा पायरीवर आणून न्हावा शेवा बंदराकडे निघालेले कंटेनरचे ट्रक शूट केले. ज्यात ट्रकला टांगलेली लिंबू-मिरची स्वच्छ दिसली, तो पास! "साहेब, घ्या एकदाचा," दुकानदाराने हात जोडले.

घरी आलो तर आई दारातच कुंकवाची वाटी घेऊन उभी. नवीन वस्तू, पूजा नको? आमच्या मिक्सरला, फ्रिजला, अगदी वायफायच्या डबीलाही कुंकू लागलेलं आहे.

"अवधूत, चालू कर आधी. बंद वस्तूची कसली रे पूजा?"

मी कॅमेरा चालू करून पाटावर ठेवला आणि नारळ फोडायला मोरीत गेलो. परत आलो, कॅमेरा बंद केला. त्याच्या अंगावर कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही! म्हटलं, वा! आईला इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जाण आली!

बारशाला मी नुसता उधळलो होतो. पाळण्याखालून काय, स्टुलावर चढून काय! पडद्याकडे बघायला सवड कोणाला? चारुताने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकावून पाहिलं.

"अरे, सगळे लाल का दिसतायत?"

"वॉर्म टोन म्हणतात त्याला! तुला नाही कळायचं."

मितालीच्या जागी शेजारची समीक्षा आत्या झाली. तिने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. मी झूम केला. कॅमेरा घूं घूं करत राहिला. मला वाटलं, जोर लावतोय!

संध्याकाळी ऐटीत टीव्हीला जोडला. पडद्यावर एक भलामोठा लाल गोळा! बाळ नाही, पाळणा नाही. गोळ्याच्या कडेने कधी कोणाचा कान, कधी पेढ्यांचं ताट.

मी कॅमेरा उलटा करून चालू केला. पुढचं झाकण आपोआप उघडलं, आणि काचेच्या बरोबर मधोमध कुंकू वाळून बसलेलं!

"आई! काचेवर लावलंस?"

"मग? पुढून डोळा उघडला त्याने. म्हटलं, देवच बघतोय. लावलं कपाळाला!" आणि एकदम तिचा चेहरा उतरला. "खराब झालं का रे सगळं? मितूला काहीच दिसणार नाही?"

आईचे डोळे भरले. मला स्वतःचा असा राग आला! वॉर्म टोन म्हणे!

शेवटी जे होतं ते मितालीला पाठवलं आणि शिव्या खायला स्पीकरवर फोन लावला. पलीकडून नुसतं मुसमुसणं.

"मितू, सॉरी गं. काहीच दिसत नाही ना?"

"दादा, थांबवून बघ. त्या लालमध्ये आईच्या बोटाच्या रेषा उमटल्यात." तिने नाक ओढलं. "निघताना दारात कुंकू लावते ना ती मला? तेच बोट. किती दिवसांनी बघितलं रे! खबरदार, ती काच पुसशील तर!"

आईने पदर डोळ्यांना लावला. मीही काच पुसायला घेतलेलं फडकं खाली ठेवलं. काय करणार?

तर आता कॅमेरा काचेच्या कपाटात आहे, कुंकवासकट. निनादचं उष्टावण जवळ आलंय, त्याचं शूटिंग मी मोबाइलवरच करणार. कपाळ माझंच येईल म्हणा!