माझ्या स्वयंपाकघरातला टॉवर

हवा सगळ्यांची असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अजून अर्ज केलेला नसतो. हवेचे तुकडे असतात, तुकड्यांना नंबर असतात, नंबरांची फाइल असते, आणि ती फाइल ज्या कपाटात असते त्याची किल्ली असलेला माणूस जेवायला गेलेला असतो. (इतकी भूक लागणारं खातं मी दुसरं पाहिलेलं नाही.)

बिनतारी संदेशांच्या या खात्याचं काम मोठं थोर आहे. एका टॉवरवरची डिश दुसऱ्या टॉवरवरच्या डिशकडे तोंड करून उभी असते आणि दोघींचं हवेतून बोलणं चालतं. तिसरीनं त्याच फ्रिक्वेन्सीवर तोंड उघडलं की कुणालाच काही कळत नाही. आम्ही चार जावा एका घरात नांदलो, त्यामुळे हे शास्त्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. (आमच्याकडे लायसन्स फक्त सासूबाईंकडे होतं.) म्हणून नवी डिश लावायच्या आधी खातं आजूबाजूच्या सगळ्या टॉवरवाल्यांना नोटीस धाडतं. अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी बोलणं सुरू करायचं आहे, तुम्हाला त्रास होईल का, तीस दिवसांत कळवा. नाही कळवलंत, तर तुमची संमती. याला समन्वय म्हणतात.

अशा नोटिसा मला अकरा वर्षं येत होत्या. माझ्याकडे टॉवर नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढीच माझी मालमत्ता. पण धान्याच्या गोदामामागे टॉवर उभा राहिला, तेव्हा त्याची जागा ज्या रकान्यात लिहायची तो रकाना अरुंद निघाला. अक्षांश-रेखांशांचे शेवटचे आकडे मावेनात. कारकुनानं ते सोडून दिले. (टापटिपीची आवड.) त्यामुळे साठ मीटर उंचीचा टॉवर अर्धा किलोमीटर सरकला आणि माझ्या सिंक आणि फ्रिजच्या मधोमध येऊन उभा राहिला. कागदावर. खरा टॉवर राहिला गोदामामागेच, पण कागदावर तिथे काहीच नव्हतं, म्हणून तो बेकायदा ठरला. त्याला पाडायच्या तीन नोटिसा निघाल्या आहेत.

माझ्या नोटिसांचा कागद उत्तम असायचा. जाड, मागून कोरा. मी तो कपाटाच्या फळ्यांवर अंथरत होते. एकूण नोटिसा दोनशे चौदा, संमती दिलेल्या दोनशे चौदा, वाचलेली एकही नाही. खात्याच्या वार्षिक अहवालात 'आदर्श टॉवरधारक' म्हणून माझं नाव आहे. (तो अहवालही फळीवरच आहे, बरण्यांखाली.)

दोनशे पंधरावी मात्र मी वाचली, कारण तिच्यावर माझ्या सुनेच्या दवाखान्याचं नाव होतं. सून डॉक्टर, टेकडीवरच्या दवाखान्यात एकटी. तिथे फोनला रेंज नाही. कुणाच्या छातीत कळ आली की ती ईसीजीची पट्टी काढते, पाकिटात घालते आणि बसच्या कंडक्टरच्या हाती देते. खालच्या मोठ्या हॉस्पिटलातले हृदयाचे डॉक्टर ती बघतात. उत्तर परतीच्या बसनं येतं.

"मागच्या वेळी उत्तर अगदी बरोबर होतं, आई," सून म्हणाली होती. "मी पाकीट फोडलं तेव्हा पेशंटला खांदा द्यायला लोक जमले होते."

तिला डिश हवी होती. मी त्याच दिवशी पत्र टाकलं: 'माझी काही हरकत नाही. माझ्याकडे टॉवरच नाही. लवकर लावा. अनेक आशीर्वाद.'

दवाखान्याचा अर्ज फेटाळला गेला.

खात्याचं म्हणणं बिनतोड होतं. जो गप्प बसला त्याची संमती. मी गप्प बसले नव्हते. आलेल्या उत्तरांच्या वहीत रकाना एकच, 'हरकत', त्यामुळे माझं पत्र तिथेच चढलं. 'हरकतीचं स्वरूप: काही हरकत नाही. तीव्रता: अनेक आशीर्वाद.' मी हरकत मागे घेते असं कळवलं. ती दुसरी हरकत झाली. चुकून लिहिलं, माफ करा, असं कळवलं. तिसरी. सून टेकडी उतरून आली आणि म्हणाली, "आई, पाया पडते तुमच्या, आता लिहू नका." तोवर चौथं पोस्टात पडलं होतं.

'टॉवरधारक आक्रमक' असा शेरा पडून एक साहेब पाहणीला आले. हातात टेप, डोक्यावर हेल्मेट.

"आजी, टॉवर कुठंय?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

साहेब टुणकन बाजूला झाले.

"अहो, नाहीये टॉवर. कागदावरून काढून टाका."

"काढायच्या अर्जाला टॉवर पाडल्याचा फोटो लागतो. आहे?"

"जो नाही तो पाडू कशी?"

"म्हणजे अजून पाडलेला नाही," साहेब म्हणाले, आणि लिहिलं: 'टॉवर दिसला नाही. गंज नाही. स्थिती उत्तम.'

"मग त्याच्या खऱ्या जागी तरी सरकवा. गोदामामागे."

"तिथे कसा? तिथे एक बेकायदा टॉवर उभा आहे."

मी चहा टाकला. दुसऱ्या कपाला साहेब माणसात आले. हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या घरात सरकवता येईल. पण उत्तर न देणारं घर पाहिजे. एक नोटीस टॉवर सरकवल्याची, दुसरी दवाखान्याच्या डिशची. तीस अधिक तीस, साठ दिवस. आहे का माहितीत कुणी? सगळं दिसतं, सगळं कळतं, पण तोंड उघडत नाही असं?"

मी विचार केला. शेजारीण नको, ती कुणाच्या शिंकेलाही हरकत घेते. माझी बहीण नको, तिला साठ सेकंद जमणार नाहीत. मग मला तुम्ही आठवलात.

नळाला आठवडाभर गढूळ पाणी आलं तेव्हा 'कुणीतरी बोलायला हवं' असं घरातल्या घरात म्हणून जे गाळून प्यायले, ते तुम्हीच ना? जिन्यातला दिवा गेल्यापासून भिंत चाचपत चढता, तेही तुम्हीच. मी तुमचा पत्ता दिला.

दोन्ही नोटिसा तुम्हाला पोचल्या. त्या साठ दिवसांत टेकडीवरून चार पाकिटं बसनं गेली. (दोघांची उत्तरं वेळेत आली.) एकसष्टाव्या दिवशी डिश लागली. परवा एका सुताराची पट्टी अर्ध्या मिनिटात खाली गेली आणि तो वाचला. आता दवाखान्याच्या खिडक्या कशा वाकड्या बसवल्यात ते सुनेला समजावत पडून असतो.

तुमचा टॉवर गॅसच्या शेगडीच्या डावीकडे आहे. साठ मीटर, गंज नाही. यापुढच्या नोटिसा तुम्हालाच येतील, आणि ज्यांना खरंच अडवायला हवं त्यांच्याही त्यात असतील. पण तुम्हाला नवीन काही शिकायला नको. आता इथवर सगळं वाचलंत आणि जसे बसून राहिलात, तसेच बसायचं.