दुपट्यातलं कडं

बिजलीबाई आणि रामीबाई या सख्ख्या जावा महागावाजवळच्या बंजारा तांड्यात एकाच आठवड्यात बाळंत झाल्या आणि दोघींनाही मुलगे झाले. बाळंतपणं सासूनंच केली. लालीबाई तांड्याची दाई होती. तिनं दोन्ही नातू तळहातांवर जोखले, थोरल्या बिजलीच्या कानात सांगितलं, "तुहा भारी आहे," आणि धाकटीच्या कानातही तेच सांगितलं. घरात शांतता नांदली.

ती मोडली सरकारी नर्सबाईंनी. बेबीताई नर्स दर गुरुवारी येत. घरात लेकरांची नाळ, डोळे, जीभ बघत आणि मग बाहेर लिंबाच्या फांदीला काटा टांगून वजन करत. होळीला नव्या लेकरांचा धुंडीचा विधी होईपर्यंत लेकरू उघड्यावर नागडं करायचं नाही, नजर लागते, असं लालीबाईनं बजावलं होतं. म्हणून आई लेकराला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणायची आणि बेबीताई दुपट्याचं वजन वजा करायच्या.

पहिल्याच गुरुवारी रामीचा मुलगा भारी निघाला. बिजलीच्या पोटात जो जाळ उठला तो भाकरी थापतानाही विझेना. ही कालची आलेली, आणि हिचं पोरगं माझ्याहून वरचढ! रामी तर उगाच लेकराला हातांवर घेऊन तिच्या दारावरून जाऊ लागली.

दुसऱ्या गुरुवारी बिजलीनं पेटीतलं लग्नातलं चांदीचं कडं काढलं आणि दुपट्याच्या घडीत सारलं. तिचा मुलगा आठवड्यात पावशेरानं वाढला. बेबीताईंनी तिला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. बिजलीनं मान ताठ करून जावेकडे बघितलं. पण रामीच्या लेकराचं वजन जेमतेम वाढलं होतं, म्हणून बेबीताईंनी पिशवीतून दूध पावडरीचा चकचकीत डबा काढला आणि रामीला दिला. लेकराला पाजणाऱ्या आईनं रोज प्यायचं, असं सांगितलं.

"अन् मले?" बिजलीनं विचारलं.

"तुमचं लेकरू चांगलं वाढून राह्यलं. तुम्हाले कायले पाह्यजे?"

जिंकूनही हात रिकामे राहिले. रामी डबा पाटावर मांडून त्यात तोंड बघत बसायची, आणि ते बघून बिजलीला रात्रंदिवस चैन पडेना. तिसऱ्या गुरुवारी तिनं कडं गुपचूप काढून ठेवलं. आता डबा कुठं जातो, असं तिला वाटलं.

डबा राहिला बाजूला. काट्याची सुई बघून बेबीताईंचा चेहरा उतरला. वाढीला लागलेलं लेकरू एकदम जवळजवळ पावशेरानं घसरलं होतं. पोटात काही मोठा बिघाड असेल, आताच दवाखान्यात न्यायला हवं, भरती करावं लागेल, सुया टोचाव्या लागतील, असं त्या भराभर सांगू लागल्या. बिजलीचा नवरा प्रेमसिंग बैल जुंपायला धावला. बाया जमल्या. एकीनं तर डोळ्याला पदरही लावला. लेकरू मात्र मजेत मूठ चोखत होतं.

गाडी दारात आली तरी बिजली चढली नाही. लेकराच्या मांडीत सुई जाणार, तीही आपल्या हेव्यापायी. तिनं लेकराला छातीशी घट्ट धरलं.

"नर्सबाई, त्याले काही झालं नाही. मागच्या खेपेले दुपट्यात माहं कडं होतं."

प्रेमसिंगनं बैल सोडले. "मी कापसावर पाणी शिंपडलं तं मले बेइमान म्हणत होती," तो म्हणाला, "अन् तू पोटच्या पोरात माल मिसळते."

बेबीताईंनी काटा उचलला आणि घरात आढ्याला टांगला. दोन्ही लेकरं उघडी करून जोखायची, असा त्यांनी हुकूम सोडला. रामी म्हणाली की तिच्या लेकराला सर्दी आहे, पुढच्या गुरुवारी बघू. बेबीताईंनी स्वतःच दुपटं सोडलं. घडीतून चांदीचं कडं निसटलं आणि लालीबाईच्या पायावर पडलं.

"पह्यल्या दिवसापासूनच होतं," रामी खाली बघत म्हणाली. "घरात सारं थोरलीचंच मोठं. मले वाटलं, लेकरू तरी माहं असावं."

दोन्ही चुलतभाऊ एकाच रेघेवर थांबले. ना कोणी भारी, ना कोणी हलका, आणि दोघंही ठणठणीत. बेबीताईंनी दोघींना पोटभर रागावून घेतलं आणि पावडर अर्धी अर्धी वाटून दिली. सासूनं दोघींच्याही कानात 'तुहा भारी' सांगितल्याचं निघालं, तशा जावा एकमेकींकडे बघून हसल्यासुद्धा. गोष्ट इथंच मिटायची.

पण बिजलीची नजर जमिनीवरच्या कड्यावर गेली. लग्नात दोघींना एकाच सोनाराची, एका वजनाची कडी घातली, असं सासू शपथेवर सांगत आली होती.

तिनं पेटीतलं आपलं कडं आणून त्याच्याशेजारी ठेवलं. "नर्सबाई," ती म्हणाली, "आता ही दोन कडी टांगा बरं."

लालीबाई घाईनं उठली. चांदी का काट्यावर जोखतात, असं पुटपुटत तिनं दोन्ही कडी उचलून तळहातांवर तोलली. "मले तं सारखीच लागते," ती म्हणाली.

"लेकरंही तुले भारीच लागली होती, याडी. दोघींचीही," बिजली सासूला म्हणाली आणि तिनं कडी काट्याला अडकवली.

रामीचं कडं भारी निघालं.

पुढच्या गुरुवारी बेबीताई तांड्यात आल्या तेव्हा लालीबाईच्या दारात सरपण रचलेलं होतं, आणि लिंबाची काटा टांगायची फांदी जागेवर नव्हती. घरातलं आढं तेवढं तिला तोडता आलं नव्हतं.