सुभेदार यादवांचं मधलं स्टेशन

मेल पाठवल्यावर तो पोचला का हे विचारायला लगोलग फोन करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

"हॅलो, सांगलीवरनं सुभेदार यादव बोलतोय. तुमास्नी आत्ता एक मेल धाडलाय. पोचला का?"

पलीकडचा माणूस पुण्याचा असो की दिल्लीचा, त्याची पंचाईत एकच असायची. त्या काळी फोनची आणि इंटरनेटची तार एकच. तो बिचारा म्हणायचा, "अहो, तुम्ही फोन ठेवल्याशिवाय मला मेल बघता यायचा नाही."

"व्हय, ठेवतो की. पन पोच द्या."

मग त्या माणसाने फोन ठेवायचा, संगणक लावायचा, मोडेमची किरकिर ऐकायची, मेल बघायचा आणि स्वतःच्या खर्चाने सांगलीला फोन करून "मिळाला" म्हणून सांगायचं. दिवसभरात पोच आली नाही, तर सुभेदारांचा दुसरा फोन ठरलेला.

आमचे प्राचार्य एकदा वैतागले. "सुभेदार, फोन करायचाच असेल तर मजकूर फोनवरच सांगा ना. मेल कशाला?"

"साहेब, फोनवर सांगितल्यालं कागदावर ऱ्हात न्हाई."

"मग फोन कशाला?"

"मेल पोचला का न्हाई, ते मेल सांगत न्हाई."

दोन्ही उत्तरांत खोट काढता येईना. प्राचार्य मूळचे वाईचे, तोलूनमापून बोलणारे. सुभेदार बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "दिवसभर पोच मागतो, आणि स्वतःला मात्र काडीची पोच नाही." आम्ही पोट धरून हसलो.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. सांगलीबाहेर उसाच्या रानात नवं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं होतं आणि मी तिथे ग्रंथपाल होते. यादव कडेगावचे. सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या दलात, हयात घालवून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कॉलेजने त्यांना टेलिफोनचं एक्स्चेंज सांभाळायला घेतलं होतं. बायको, मुलं, ऊस, सगळं कडेगावला. हे आठवडाभर कॉलेजच्याच एका खोलीत राहायचे आणि शनिवारी मोटारसायकलवरून गावी जायचे. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. वायरलेसवर बोलायची सवय असल्यामुळे समोरच्या खुर्चीतल्या माणसाशीही डोंगरापलीकडे असल्यासारखे बोलत. माझ्या वाचनालयात "शांतता राखा" ही पाटी होती. तीसुद्धा ते मोठ्याने वाचून दाखवायचे.

कॉलेजला इंटरनेटची लाइन आली तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं, एखाद्या कंपनीचा मेल घ्यावा आणि मोकळं व्हावं. सुभेदार आडवे आले.

"आपली पत्रं दुसऱ्याच्या पत्त्यावर? म्हंजे घरजावई झाल्यागत की ओ! आपला सर्वर आपल्या घरात पायजे."

प्रयोगशाळेने टाकून दिलेला एक संगणक त्यांनी मिळवला, त्याचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून काय काय भरलं, आणि वाचनालयाशेजारच्या अडगळीच्या खोलीत कॉलेजचा स्वतःचा मेल सर्व्हर सुरू झाला. त्या खोलीला ते "सिग्नल सेंटर" म्हणत. चपला बाहेर काढून आत जायचं. आम्ही देवळात गेल्यासारखे जायचो.

पहिले काही महिने मजेत गेले. सुभेदारांनी सैन्यातली शिस्त मेलला लावली. प्रत्येक मेलच्या विषयात आधी त्याची निकड, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. साधा मेल असेल तर "रुटीन", थोडी घाई असेल तर "इमिजिएट", आणि प्राचार्यांचा मेल असला की "फ्लॅश फ्लॅश", पुढे उद्गारचिन्हांची रांग.

मग एकदा प्राचार्यांनी परदेशातल्या एका नामवंत प्राध्यापकांना परिसंवादाचं आमंत्रण पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं, उत्तर नाही. शेवटी प्राचार्यांनीच फोन लावला. ते गृहस्थ भले होते. शोधून म्हणाले, "तुमची पत्रं माझ्या कचऱ्याच्या पेटीत पडली आहेत. टकलावर केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातींमध्ये. 'फ्लॅश फ्लॅश' वाचून मला वाटलं, कॅमेरे विकताय."

प्राचार्यांचा चेहरा अजून आठवतो.

सुभेदारांनी फ्लॅश काढलं, उद्गारचिन्हं काढली, मोठी अक्षरं लहान केली. मेल कचऱ्यातच. वर "कृपया" घातलं, खाली "आपला नम्र" घातलं. कचऱ्यातच. इंग्रजी लिहून द्यायला ते माझ्याकडे यायचे, म्हणून मलाही या भानगडीत शिरावं लागलं. आम्ही दोघांनी चौकशीचे मेल पाठवले, तेव्हा कारण कळलं. भरवसा ठेवू नये अशा सर्व्हरांची एक यादी परदेशात कुणी ठेवत असे आणि तिच्यात आमचं नाव होतं. यादीवाल्यांनी स्वच्छ लिहिलं होतं : तुमचं यंत्र कुणाही परक्याचा मेल घेतं आणि पुढे पोचवतं. जाहिरातवाल्यांनी हे हेरलंय. जगभरचा केसतेलाचा कचरा तुमच्या दारातून जातो. दार बंद करा, मग नाव काढू.

मी म्हटलं, "सुभेदार, एवढंच ना? करा बंद."

"न्हाई जमायचं."

"का? येत नाही?"

"येतंय की. पन करायचं न्हाई." ते खुर्चीत ताठ बसले. "म्याडम, सिग्नलचा नेम हाय. मेसेज कुनाचा बी असूंदे, आपल्या स्टेशनवर आला की फुडं धाडायचा. आपल्या पलटनीचा न्हाई म्हनून टाकून द्यायचा न्हाई. म्हनून मीच दार उघडं ठेवलंय."

"अहो, पण ही केसतेलवाली माणसं!"

"ती लय बेनी हायती. मान्य."

गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली. त्यांनी सुभेदारांना बोलावून शांतपणे सांगितलं, "परिसंवादाच्या आत हे निस्तरा. नाहीतर ते यंत्र बंद करून आपण कंपनीचा मेल घेऊ, आणि तुम्ही एक्स्चेंजवर बसा." सुभेदार "जी साहेब" म्हणाले आणि बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी कुणाला पोच मागितली नाही. वाचनालयाला इतकी शांतता सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सिग्नल सेंटरमध्ये बोलावलं. पडद्यावर सर्व्हरची नोंद पळत होती. कुणाकडून, कुणाला, केवढा मेल, एवढंच त्यात दिसायचं.

"आतलं वाचायचं न्हाई," ते आधीच म्हणाले. "पाकीट बगायचं फकस्त. ही सगळी केसतेलवाली. आन हा बगा."

त्यांनी बोट ठेवलं. एकच पत्ता, एकाच पत्त्याला. लहानसा मेल. त्यांनी मागच्या नोंदी दाखवल्या. चहाच्या सुमाराला रोज तोच पत्ता, तोच लहानसा मेल, त्याच दुसऱ्या पत्त्याला.

"कोण आहे हा?"

"काय म्हाईत? कुठल्या देशाचा, कुठल्या बेटाचा. त्याच्याकडं सोय नसंल, म्हनून आपल्या दारातनं जातोय. पन जाहिरातवाला असला तर एकालाच कशाला लिवंल? आन रोज?" मी पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकत होते. "मी डोंगरात पोस्टिंगला हुतो म्याडम. थोरला पोरगा चालाय लागला, ही खबर मला तो पळाय लागल्यावर पोचली. लांब असल्यालं मानूस दिवसातनं एकदा घराकडं तोंड करतंय. त्याचं दार मी कसं लावू?"

 मी पडद्यावरच्या त्या नोंदीकडे बघत विचारलं, "सगळ्यांना बंद करून एकट्याला उघडं ठेवता येत नाही का?"

 सुभेदारांनी मांडीवर अशी थाप मारली की टेबलावरचा कप हादरला. "आयला! गस्तवाल्याला परवलीचा शब्द देत्यात, तसं!"

तासाभरात झालं. एका फायलीत त्या एका पत्त्याची एक ओळ. बाकी साऱ्या दुनियेला दार बंद. यादीवाल्यांना मी इंग्रजीत माफीचं पत्र लिहिलं. त्यांनी तपासलं आणि आमचं नाव काढलं. पुढचा मेल प्राध्यापकमहाशयांना नीट मिळाला. ते परिसंवादाला आले, सांगलीची भेळ खाल्ली, हळदीचा बाजार बघितला आणि खूश होऊन गेले. प्राचार्यांनी सुभेदारांचं भर सभेत कौतुक केलं. त्या एका ओळीचं आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

रोज चहाच्या वेळेला सुभेदार नोंद बघायचे आणि दारातून मला सांगायचे, "गेला हो गडी!" मला त्याची सवयच झाली.

पुढे पावसाळा सरता सरता एक दिवस तो मेल आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. सुभेदार फॅन पुसत बसले, वायरी हलवून बघितल्या. शनिवारी कडेगावला गेले नाहीत. सोमवारी माझ्यासमोर उभे राहिले.

"म्याडम, तेवढं एक इंग्रजीत लिवा. ज्याला मेल जायचा, त्या पत्त्यावर. म्हनावं, रोज लिवनारं ते बरं हायती का?"

मी लिहिलं. उत्तर आलं ते एका बाईचं, आणि चांगलंच तिखट. "माझ्या नवऱ्याची चौकशी करणारे तुम्ही कोण? त्याला कसे ओळखता?"

सुभेदार लाजेने लाल झाले. शत्रूला न भ्यालेला माणूस कपाळाचा घाम पुसायला लागला. "आता काय सांगायचं बाईला? लिवा... आमी मधलं स्टेशन. नावगाव म्हाईत न्हाई. तुमचं टपाल आमच्या दारावरनं जायचं, ते थांबलं, म्हनून काळजी वाटली."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, या वेळी दोघांच्या नावाने. तो एका मालवाहू जहाजावर नोकरीला होता. कुणीतरी आमच्या सर्व्हरचा पत्ता दिला, म्हणून त्यातून बायकोला लिहायचा. आता तो घरी आला होता. त्याची मुलगी तेवढ्या काळात चालायला लागली होती, आणि तिने पहिलं पाऊल टाकलं त्याच दिवशी बायकोच्या उत्तरातून ते त्याला कळलं होतं.

मी मराठीत सांगितलं. सुभेदारांनी दोनदा सांगायला लावलं. मग उठून गेले आणि कॅन्टीनमधून सगळ्या स्टाफला चहा मागवला. प्राचार्यांनी विचारलं, "सुभेदार, काय विशेष?"

"काय न्हाई साहेब. एक मानूस सुट्टीवर आलाय."

कुणाला काही उलगडलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

संध्याकाळी निघताना मी सिग्नल सेंटरमध्ये डोकावले. ते पडद्यासमोर बसले होते. ती एक ओळ उघडी होती.

"आता काढून टाकायची ना?" मी विचारलं.

"कशाला?" फाइल बंद करत सुभेदार म्हणाले, "सुट्टी संपली की परत ड्युटीवर जाईल की गडी."