साठ टक्के इच्छा

इच्छा असली की मार्ग सापडतो, असे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत. मात्र इच्छा नेमकी किती हवी, हे सांगायची तसदी कोणी घेतली नव्हती. ती रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागाने घेतली. साठ टक्के हवी.

माझे आजोबा शिंपी. माझ्या कोटाची डावी बाही लावून झाली आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवी बाही खुंटीवर राहिली. (कोट मी तसाच घालते. ही नवी फॅशन का, असे मैत्रिणींनी विचारले, मी हो म्हटले. आता वर्गात आणखी तिघी एका बाहीने येतात.)

विभागाची पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. रुग्णाच्या डोक्यावर तारांची टोपी, उजव्या हातात ॲक्युपंक्चरच्या पाच सुया, उजव्या मांडीवर चार. डावा हात पट्ट्याने खुर्चीला बांधलेला, कॉपी करू नये म्हणून. रुग्णाने मनात म्हणायचे, पेला उचलतो. टोपी ती इच्छा पकडते, संगणक टक्केवारी काढतो आणि साठ भरले तर सुयांतून झिणझिण सोडतो. त्यामुळे मेंदू आणि हात यांची पुन्हा ओळख होते. (टोपीचे डॉक्टर आणि सुयांच्या डॉक्टरीणबाई यांचीही कोणीतरी ओळख करून द्यायला हवी. ते शेजारी उभे राहून एकमेकांना अर्ज लिहितात.) बारा सत्रांत एकदाही साठ पडले नाहीत, तर ‘इच्छा अपुरी’ असा शेरा मारून रुग्णाला घरी पाठवतात.

आजोबांना पहिल्या सत्रात चार टक्के पडले. दुसऱ्यातही चार. पाचव्यात सहा, पण तेव्हा त्यांना शिंक येत होती. घरात सुतकी कळा पसरली. आमच्याकडे गणितात नापास झालेले आहेत, इच्छेत कोणी नाही. बाबांनी त्यांना सकाळपासून पाणी दिले नाही, म्हणजे पेल्याची ओढ वाढेल. तीन टक्के, वर शिव्या. मी सुचवले की डोळे मिटून ध्येय बघावे. आजोबा घोरायला लागले. अकरा टक्के. विभागाने अभिनंदन केले.

यंत्र बिघडलेले नाही ना, हे तपासायला एकदा टोपी बाबांना घातली. विषय: घरच्या नळाचा वायसर बदलणे, जो ते दोन वर्षे ‘या रविवारी’ बदलत आहेत. दोन टक्के. आईने त्याची छापील प्रत मागून घेतली.

बारावे सत्र आले. मी एकबाही कोट घालून समोर बसले. डॉक्टरीणबाई घाईत होत्या. आजोबा मांडीकडे बघत म्हणाले, “बाई, तिसरी सुई वाकडी आहे.”

“आजोबा, सुईकडे नाही, पेल्याकडे बघा.”

“वाकडी आहे हो.”

पडद्यावर चार. मग वीस. मग त्रेपन्न. मग चौऱ्याण्णव, आणि झिणझिण. मांडीवर पडलेला उजवा हात चार बोटे पुढे सरकला, त्याने ती सुई चिमटीत धरली आणि सरळ केली. मी खुर्चीवर उभी राहिले. (खुर्चीवर उभे राहण्यास मनाई आहे.)

विभागाचा निर्णय त्याच दिवशी मिळाला. चौऱ्याण्णव टक्के ही पेल्याखेरीज अन्य बाबतीतली इच्छा असल्याने ग्राह्य नाही. पेल्याची इच्छा चारच. शेरा: अपुरी. शिवाय विभागाच्या सुईला हात लावल्याबद्दल उजव्या हाताला लेखी ताकीद.

घरी आल्यावर मी खुंटीवरची बाही काढली आणि स्वतः कोटाला लावली. उलटी. शिवाय लाल दोऱ्याने. रोज तो कोट घालून आजोबांसमोर अभ्यासाला बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशी जेवले नाहीत. अकराव्या दिवशी उजवा हात पुढे आला आणि ते म्हणाले, “काढ तो. आण इकडे.”

उसवायलाच आठवडा लागला. टोपी नव्हती, त्यामुळे किती टक्के ते कळले नाही. (वर्गातल्या तिघींना आता दुसरी बाही कुठून आणायची हा प्रश्न पडला आहे.)

विभागात सध्या एक जागा रिकामी आहे. तुमच्या कपाटात बटण तुटलेला एक शर्ट आहे, ते तुम्ही कधीचे लावतो लावतो म्हणताय. दोन्ही हात धड आहेत ना? मग तुमचं नाव देऊ का?